तुमची गुणगुण आणि तीन कंपन्या

प्रिय मेहुणेबुवा,

दाजींचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? लेकीच्या घरी लिफ्ट आहे म्हणता, तेव्हा सुखात असणार. इकडे तुमची ताई आणि मी ठीक. फक्त सकाळचा चहा लवकर संपतो. (पूर्वी तुम्ही रोज सकाळी तुमच्या सेटवरून रेडिओवर माझ्याशी गप्पा मारायला यायचात आणि तो कपातच गार व्हायचा.)

जुना सेट माळ्यावर टाकला, आता नवा कोणत्या कंपनीचा घेऊ, असं विचारलं होतंत. म्हणून हौशी रेडिओवाल्यांच्या प्रदर्शनाला जाऊन आलो. पहिल्या कंपनीने सेटला रंगीत पडदा लावलाय. त्यात आवाज धबधब्यासारखा वरून खाली पडताना दिसतो. विक्रेता म्हणाला, “काका, बघा, सगळं दिसतं!” म्हटलं, बाबा रे, मेहुण्याला बघून झालंय, ऐकायचा राहिलाय. दुसरीची सगळी अक्कल आकारात: सेट साबणाच्या वडीएवढा. माझं एक बोट तीन बटणांवर पडलं आणि त्या वडीने जी कोकलायला सुरुवात केली, ती विक्रेत्यालाही आवरेना. तिसरीने मात्र कमाल केलीय. तिची पेटी म्हणे खरखर ओळखते आणि गाळून टाकते. ती वापरून बघायला घरी आणली. पण तुम्ही तर येत नाही, मग परीक्षा घ्यायची कुणावर? आपल्या गप्पांची जुनी टेप तिच्यातून वाजवली. तुमचा सेट पडला घरी जोडलेला (त्यातले सुटे भाग कुठून आले ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही), त्यामुळे तुमच्या शब्दाशब्दाला मधमाश्यांची साथ. पेटीला वाटलं, हा सगळाच कचरा. तिने तुम्हाला मुळासकट गाळलं! उरलो मी एकटा: “हो... हो, ऐकतोय... मग, पुढे?” तुमची ताई स्वयंपाकघरातून धावत आली. “बंद करा ती मेली चाळणी! माझ्या भावाला पुसून टाकलं!” (हीच बाई त्या गुणगुणीवरून जन्मभर तुम्हाला ‘पोळं’ म्हणत आली.) पेटी परत करून आलो.

तुमचा,
दाजी

ता. क. कंपनी कुठलीही चांगलीच. खरं सांगू? घेऊच नका. माळ्यावरचा सेट खाली उतरवा. फोन आहे म्हणाल, पण फोनवर तुम्ही “बरंय, ठेवतो” एवढंच म्हणता.

आणखी एक. गच्चीवरची एरियलची तार रिकामीच आहे, तिच्यावर कपडे तरी वाळत घाल, असं तुमच्या ताईला सुचवलं. म्हणाली, “मळकी आहे ती.” रोज पुसते मात्र.