भिंगरीची लाळ

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. भिंगरीच्या तोंडाकडे बघितलं की लिहायला बसवत नाही. तिचे वरचे पुढचे चारही दात हिरडीपाशी तपकिरी झालेत आणि एका दाढेला भोक पडलंय. पोर अजून पाचाची नाही. घास एकाच गालाने चावते आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघत राहते.

खापर फोडायला माणूस घरातच होतं. पाळणाघरातून आणताना सासूबाई तिला वाटेत एक बिस्कीट द्यायच्या. परवा मी त्यांना नको ते बोलले, तेही भिंगरीसमोर. त्यांनी तिथल्या तिथे पिशवी भरली आणि मोठ्या दिरांकडे निघून गेल्या. यांनी तेव्हापासून अबोला धरलाय. घरात आता साखरेचा कण नाही, दोन वेळा मी स्वतः तिचे दात घासते, तरी काल आणखी एक डाग दिसला.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे तिची लाळ गळणं पार थांबलंय. ओल्या फ्रॉकवरून पाळणाघरवाल्या बाई नाक मुरडायच्या, तेवढी कटकट मिटली. तू औषधांच्या दुकानात काम करतेस, काहीतरी सुचव. माझी मती गुंग झाली आहे.

लोभ आहे, तो या रडगाण्यानेही कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

दि. ११ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून तुझं पत्र दोनदा वाचलं. मालक डोळे वटारत होते, वटारू देत.

भिंगरी सारखं पाणी मागते का? कोरडा घास तिच्या घशाखाली उतरत नाही का? आपण लाळेला घाण समजतो, पण तोंडाची राखण तीच करते. खाल्लेलं धुऊन नेते, दातांवरचं आंबट मारते, झिजलेलं थोडंफार भरूनही काढते. ती आटली की एक बिस्कीटसुद्धा महागात पडतं.

आता खरं सांग. गेल्या वर्षी मी तिच्या सर्दीसाठी औषध दिलं, ते पाच दिवसांपुरतं होतं. याने तोंड कोरडं पडतं, पोरीची लाळही थांबेल, असं मीच थट्टेत म्हणाले होते. ते अजून चालू नाही ना? नाही म्हणून लिही आणि मला खुशाल मूर्ख म्हण. दातांच्या डॉक्टरांकडे मात्र लगेच जा.

आशीर्वाद आहेतच, पण उत्तर आधी धाड.

ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चालू आहे. रोज एक चमचा, दहा महिने. तू दिलेली बाटली संपल्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणत गेले. पाळणाघरवाल्या बाईंनी लाळ गळणारं मूल ठेवणार नाही म्हणून बजावलं होतं. भिंगरीला घरी ठेवलं असतं तर माझं शिवणाचं काम सुटलं असतं. कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टरबाईंनी भिंगरीला कपात थुंकायला लावलं. पाच मिनिटं पोर गाल आत ओढत राहिली, कपात चिकट तार तेवढी आली. ती माझ्याकडे बघून हसली, आपलं चुकलं असं वाटून. बाईंनी विचारलं, कुठलं औषध चालू आहे का. शेजारी हे उभे होते. मी नाही म्हणाले.

त्यांना आता लाळेच्या गाठींचा मोठा आजार वाटतोय. पुढच्या गुरुवारी मोठ्या दवाखान्यात भूल देऊन तपासायला ओठाच्या आतला तुकडा काढणार आहेत. औषध मी त्याच दिवशी मोरीत ओतलं. पण खरं सांगायला तोंड उघडत नाही. सासूबाईंना घालवून बसले आणि चोर मीच. ताई, मी काय करू?

तुझी

दि. २२ मार्च

चि. धाकटीस,

थट्टा माझी होती, निम्मा दोष माझा. रागवायचं नंतर बघू. पत्र मिळताच डॉक्टरांना सांग, मग नवऱ्याला. जमत नसेल तर मी येते आणि सांगते, पण त्या पोरीच्या ओठाला सुरी लागता कामा नये.

ताई

दि. ५ एप्रिल

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

ही तुमची सून लिहिते आहे. दात तुमच्या बिस्किटाने गेले नाहीत. मी तिला दहा महिने औषध पाजून तिची लाळ आटवली. डॉक्टरबाईंना सांगितलं, ओठाची तपासणी रद्द झाली. यांनाही सांगितलं. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. दोन दात काढावे लागले, बाकीचे भरून घेतोय. हळूहळू तोंड ओलं होतंय.

तुम्हाला परत या म्हणायचं मला तोंड नाही. पण एक गोष्ट माझ्याने निस्तरवत नाही. दात कशाने गेले असं कुणीही विचारलं की भिंगरी ताबडतोब आजीचं नाव सांगते. ते मीच तिच्यासमोर बोलले होते. मी रोज तिला मांडीवर घेऊन सांगते, आजीने नाही गं, आईने. ती माझे डोळे पुसते आणि म्हणते की नाही, आजीनेच.

लोभ मागायचा हक्क मी घालवला आहे. तिच्यावर मात्र असू द्यावा.

तुमची सून