तीननं भाग जातो

काटेवाडी, १४ जुलै २०२४

चि. सौ. राजलक्ष्मीस आबाचे अनेक आशीर्वाद.

तुजा फोन फुटला म्हणून जावईबापूंनी कळवलं, मग कागद घेतला. हितं समदं खुशाल हाय. म्हैस व्यायली, तुजी आई तिच्याच बाळंतपणात गुंतलीय.

तुजी वही माज्यापाशी हाय. २१४७४८३६४७ ला एक आन् स्वतःबिगर कुणीच भागत न्हाय, हे हातानं करून दावणार म्हणाली व्हतीस. १९७ पातुर तू आलीस. परवा मी १९९ नं भागलं, बावीस उरलं. ४६,३४० पातुरच्या समद्या मूळ संख्या बघायच्या म्हंजी माज्या म्हातारपणाची सोय झाली. तीनची युक्ती तूच शिकवलीस. आकड्यांची बेरीज केली, शेहेचाळीस आली, तीननं जात न्हाय.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा फॉर्म बारा ऑगस्टपातुर भरायचाय. पंचमीला न्यायला येतो.

तुजा आबा

लासुर्णे, २२ जुलै २०२४

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

मी इथं अगदी सुखात आहे. माडीवरची खोली मिळाली आहे. खिडकीला नवी जाळी बसवली, त्यामुळे डास येत नाहीत. खाली उतरायचं काम पडत नाही, ताटही वर येतं. धूळ बसायला नको म्हणून मामंजींनी माझी पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवली. पत्रही तेच वाचून पोस्टात टाकतात, म्हणजे चूक राहत नाही.

वहीचं आता सोडा. आबा, तुमची बेरीज चुकली. पंचेचाळीस येते, मी तीनदा केली. त्या संख्येला तीननं भाग जातो. दुसऱ्या वर्षाचंही मी मनातून काढलं आहे. पंचमीला न्यायला येऊ नका.

आईस नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

आपली राजलक्ष्मी

काटेवाडी, २७ जुलै २०२४

ती. कुशाअक्कास धाकट्या सावळारामचा नमस्कार.

राजूचं पत्र आलं. सुखात हाय म्हणती, मीबी गाढवासारखा खूश झालो. मग बेरीज बघितली. शेंगदाणे मांडून चारदा मोजली, शेहेचाळीसच. अक्का, पाचवीपासनं त्या पोरीची बेरीज चुकलेली न्हाय. सासरा पत्र वाचतो, म्हणून तिनं मला खोटं गणित धाडलंय. पोर कोंडलीय.

पंचमीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, जीप घेऊन आधी इंदापुरास तुज्याकडं येतो, मग माघारी लासुर्ण्याला जाऊ. तू बाईमाणूस, तुला माडीवर जायाला कोण अडवंल? तिला घेतल्याबिगर हलायचं न्हाय.

तुजा सावळा

काटेवाडी, २७ जुलै २०२४

चि. सौ. राजलक्ष्मीस आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं, जिवाला बरं वाटलं. मामंजींना माजा रामराम सांग. न्यायला येत न्हाय. गुरुवारी कुशाआत्या आन् मी नुसती पंचमीची साडी द्यायला येतो, चहा पिऊन निघू. आत्याचे गुडघे दुखत्यात, तरीबी तुजी खोली बघायला ती जिना चढणार हाय.

बेरीज परत केली. माजंच चुकलं व्हतं, पोरी. पंचेचाळीसच येती. तीननं भाग जातो.

तुजा आबा