चराच्या तोंडावरची माझी जमीन

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पाटबंधारे खात्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे पाणी तपासून निवृत्त झालेली, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. धाकटा भाऊ शंका काढणारच, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर भाचीला. मागचे दार पावसाळ्यात फुगते, खांदा लावावा.

२. सूक्ष्मदर्शक शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना.

३. तळ्याकाठची जमिनीची पट्टी. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

भावाच्या शेतात पाणी साचून वर मीठ फुटायचे. ते खोटे नव्हते. पिवळे पडलेले पीक मी पाहिले आहे. मग त्याने आणि शेजाऱ्यांनी जमिनीखाली नळ घातले आणि निचऱ्याचे पाणी चराने माझ्या पट्टीतून तळ्यात सोडले. परवानगीच्या कागदावर सही माझीच. ते पाणी मातीतले क्षार आणि सेलेनियम धुऊन आणत होते. तळ्यातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी तेवढे नेते, विष तिथेच साठते.

चौथ्या वर्षी मासे धरणारे काका शेकाट्या पक्ष्याची पिल्ले टोपलीत घेऊन आले. एकाची चोच वाकडी. "बाई, या दोघांना तर डोळेच नाहीत हो."

मी पाणी, अंडी, मासे, सगळे तपासले. साहेब म्हणाले, "नमुना चुकला असेल." तीनदा नमुने घेतले, तीनदा तेच निघाले. अहवाल साहेबांच्या कपाटात गेला आणि मी भांडारात, बाटल्या मोजायला.

भाऊ घरी येऊन ओरडला, "चार पाखरांसाठी सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतेस?"

मी गप्प बसले. नऊ वर्षे. तेवढ्या काळात मासे संपले आणि काका बांधकामावर विटा उचलायला गेले. साहेबांना क्षमा नाही, मलाही नको.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मी परवानगी मागे घेतली, मजूर लावून माझ्या हद्दीतला चर मातीने बुजवला. भाऊ तेव्हापासून बोलत नाही. पट्टी भाचीला देते, एका अटीवर: चर पुन्हा उघडायचा नाही. तिने विचारले, "आत्या, बाबांनी गळ घातली तर?" तर सांगावे, आधी शेताला वारेमाप पाणी देणे थांबवा, आणि निचरा आपल्याच रानात पाखरे उतरू नयेत म्हणून जाळी घातलेल्या कुंडात साठवा.

४. भावाला माझ्या अहवालाची प्रत. त्याला ती नवीन नाही. वहिनीने मला नंतर सांगितले: मी आकडे दाखवले त्या दिवसापासून त्याने तळ्याचा मासा घरात येऊ दिला नाही. लोकांना मात्र तो सांगत राहिला, "ताईला वेड लागलंय, खुशाल खा."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि एक शब्दही सौम्य केला नाही.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: शेजारचे शिंपीदादा, टपाल कचेरीतल्या बाई (दोघांनी माझ्यासमोर सही केली)
ठिकाण: माझे स्वयंपाकघर
तारीख: ३ मार्च