चाकामागचा दगड

पोलादपूर, रविवार संध्याकाळ

संदीपचा रणगाडा आज पुरा झाला. खऱ्या युद्धातला नव्हे, कल्पनेतला. खडकाळ चढावर उभा केलेला चाकांचा किल्ला, पुढे राक्षसाचं तोंड, तोंडातून तोफ. आणि ही सगळी प्रतिकृती माझ्या तळहातावर मावते.

संदीप, माझा नवरा, मुंबईहून सुट्टीवर येतो आणि ब्रश घेऊन बसतो, याचा मला रागच होता. काल त्याने त्या सुंदर सोनेरी चाकांवर चिखल रंगवला तेव्हा मी बोललेच, घालवलंस सगळं. रंग वाळल्यावर मात्र पुन्हा जवळ जाऊन बघितलं. गाडा खरंच कुठून तरी लांबून आल्यासारखा दिसत होता. केसाएवढ्या ब्रशने हे कसं जमतं याला?

आबांना संदीप गाडा दाखवत नव्हता. खेळणं म्हणतील, ही भीती. शेवटी मीच नेऊन सासऱ्यांसमोर ठेवला. जन्मभर घाटात टेंपो चालवलेला माणूस. चष्मा लावून बराच वेळ चाकंच बघत राहिले.

"चढावर उभा हाय ना रे?"

"हो, आबा."

"मग चाकापाठी दगड नाय लावलास तो?"

मला हसू आलं. संदीप हसला नाही. अंगणातून तांदळाएवढा खडा शोधून आणला आणि चाकामागे चिकटवला.

जेवायला दोनदा हाक मारली, दोघंही उठत नाहीत. संदीप तो दगड रंगवतोय. आबा शेजारी बॅटरी धरून बसलेत आणि सांगतायत, "दगडालापण चिखल लाव."