साडेचार स्टारचा फ्लेक्स

मु. पो. इनामगाव, ता. शिरूर

ती. पोपटमामा यांस सुदर्शनचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा, तुमची शुगर आणि दौंडातली नळाची वेळ, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. हे पत्र मी दिवाळीपासून लिहितोय. आधी पेन नव्हतं, मग पेन आलं तर सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि आता सांगायचंय ते सांगवत नाही म्हणून लांबवलं. (फोन का नाही केला म्हणाल. फोनवर तुम्ही मधेच रागावता, पत्रात तुम्हाला तसं करता येत नाही.)

तुमचे शाळेतले जोडीदार म्हस्कूआबा आमच्या सिनेमात आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. कांद्याच्या वावरात सापडलेलं जुनं खापर सांभाळत बसणारा म्हातारा ते झालेत. शेवटी एका जागी चार मिनिटं नुसते बसलेत, पण असे बसलेत की कॅमेरा धरणारी हर्षदा रडली. (हर्षदा रांजणगावच्या कंपनीत आहे, कामावरून आली की आमचं एडिटिंग करते. तुम्हाला वाटतंय तसं काही नाही.) शूटिंग संपलं आणि आबांच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आल्यावर आबा मला म्हणाले, "तोंडावर समदीच चांगलं म्हंत्यात, मेल्यावर तर इचारूच नको. ज्याला माझं काय बी देणं-घेणं न्हाई, त्यो काय म्हंतोय तेवढं मला वाचून दाव."

म्हंजी समीक्षक पाहिजे. मी पेपरात लिहिणाऱ्या अकरा जणांना अख्खा सिनेमा मेलला चिकटवून पाठवायला बसलो, तो जाईना. मग सकाळी सहाला फोन लावले. आपल्याकडं सहाला माणूस धार काढून मोकळा असतो, पुण्यात तसं नसतं हे तिसऱ्या शिवीनंतर कळलं. शेवटी हर्षदानं शिकवलं: चार ओळींचं पत्र, एक लिंक, एक चांगला फोटो, कुठं कधी दाखवणार ती तारीख, आणि 'चांगलं लिहा' हे शब्द कुठंही नकोत. तसं पाठवल्यावर दहा जण गप्प राहिले. मोडक म्हणून एक आहेत, त्यांनी लिहिलं, लिंकवर नको, लोकांत बसून बघेन, केडगावला गाडीनं येतो, मी कोण ते कुणाला सांगू नका.

मी एकट्या बाळासोला सांगितलं. सिनेमा दाखवायला केडगावचं मंगल कार्यालय त्याच्या ओळखीनं फुकट मिळालं होतं, त्याला न सांगून कसं चालेल.

मोडकसाहेब स्टेशनाबाहेर आले तर समोर फ्लेक्सवर त्यांचाच फोटो, दहा बाय आठ फूट. खाली लिहिलेलं, 'आमच्या चित्रपटास साडेचार स्टार दिल्याबद्दल जाहीर आभार'. (पाच का नाही, असं मी बाळासोला नंतर विचारलं. म्हणाला, पाच खोटं वाटलं असतं.) त्यांना फेटा बांधला, शाल-नारळ दिला, कांद्याची गोणी दिली. माजी सरपंच बोलले, आजी सरपंच बोलले, मग कोण राहिलं म्हणून बँजोवाला बोलला. पाहुण्याला रिकामं कसं बसवायचं, हे एकच आपल्याला ठाऊक. सव्वाचारला सिनेमा लागला. पाचला त्याच कार्यालयात हळद होती. आबांचा तो सीन यायच्या आधी नवरीच्या मामानं सिनेमाचा पडदा सोडून गुंडाळला.

आबा नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत होते. साहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अर्धा सिनेमा बघून मी लिहीत नाही. आणि स्टार तर तुम्हीच देऊन टाकलेत." रागावलेही नाहीत. गोणी प्लॅटफॉर्मवर ठेवून गेले. फेटा डोक्यावरच राहिला, त्यांच्या लक्षात नसावं.

याला तीन आठवडे झाले. आबा रोज विचारतात, मी रोज सांगतो, लिहितायत. आता त्यांना विचारताना आवाज निघत नाही, नुसते भुवया उचलतात. मामा, भुवयांशी खोटं बोलायला फार जड जातं.

आपला,
सुदर्शन

ता. क. मामींची हिरवी साडी हरवली नाही. सिनेमात आबांच्या दाराला पडदा आहे ती तीच. सांगू नका.

ता. क. दुसरा. खरं काम हे. तुम्ही दौंडच्या साप्ताहिकात बातम्या देता, तर आमच्या सिनेमावर एक परीक्षण लिहा. नाव दुसरं टाका. सिनेमात दोन चुका काढा, नाहीतर आबांना खरं वाटणार नाही. पण आबांना चुकीचं म्हणू नका. घाई करा.

ता. क. तिसरा. वरचं सगळं परवा लिहिलं. आज पाकीट बंद करत होतो तर दारात मोडकसाहेब. शिरूरहून एसटीनं आले, डबा घरून आणलाय, चहाला नको म्हणाले. फेटा घडी करून परत दिला आणि म्हणाले, राहिलेला सिनेमा दाखवा, मध्ये कुणी बोलू नका. मी सांगितलं, आबांनी काल दुपारपासून डोळे उघडले नाहीत. ते म्हणाले, त्यांच्याच खोलीत लावा. आता साहेब आबांच्या घरी, खाटेच्या बाजूला वही घेऊन बसलेत, मी लॅपटॉपची वायर शोधतोय. छापून रविवारी येईल म्हणतात. आज मंगळवार. मामा, तुम्ही काही लिहू नका. तुम्ही या.