नांगरू नये

उम्म सलाल, कतार
शनिवार, दि. १ ऑक्टोबर १९८३

चि. सुहासिनी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे दि. २८ ऑगस्टचे पत्र यथाकाल पावले. प्रकृती ठीक आहे. उष्मा ओसरू लागला आहे. तुझ्या पत्रात नेहमीप्रमाणे दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घाचे दोष आढळले. या खेपेस मात्र ते तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवीत नाही.

जवाची कापणी होताच, सासऱ्यांनी तुझ्या हाती दिलेल्या साठ एकरांत नांगर न घालता, उभ्या धसकटांतच तू राय, ते गव्हासारखे थंडीत तगणारे धान्य, पेरलेस. खाण्यासाठी नव्हे, केवळ हिवाळाभर जमीन झाकून ठेवण्यासाठी. धसकटांत बर्फ अडकेल, वितळेल तेथेच मुरेल, आणि वसंतातल्या वाऱ्यास उघडी माती सापडणार नाही, हा तुझा विचार. गेल्या एप्रिलात रस्त्याकडेच्या चरातला बर्फ काळा पडला होता आणि तो काळेपणा म्हणजे आपलेच शेत होते, या तुझ्या वाक्याशेजारी मी समासात ‘अतिशयोक्ती’ असा शेरा मारला होता.

शेजारी हसतात, म्हणून तुझे सासरे श्री. ओल्सन अस्वस्थ आहेत. ते तुला म्हणाले, तुझे वडील चाळीस वर्षे शेतकी खात्यात होते, त्यांनी होकार दिला तर राहू देतो. नाही तर १७ ऑक्टोबरला, जमीन गोठण्यापूर्वी, सारे नांगरून टाकतो आणि पुन्हा तुझ्या हाती रान देत नाही. तू माझे मत मागितलेस. उत्तर आले नाही, तेव्हा टपाल गहाळ झाले असे तुला वाटले असेल.

टपाल गहाळ झालेले नाही.

प्रथम इकडची हकीकत सांगतो. मे महिन्यात कलिंगडे निघाल्यावर निवृत्तीनंतर मी सांभाळतो ते येथील बारा एकर रान दोनदा नांगरून स्वच्छ करण्याचा हुकूम मी दिला. काडी दिसणारे शेत म्हणजे आळशाचे शेत, हा आमच्या तीर्थरूपांचा संस्कार. ट्रॅक्टर चालवणारा अबूबकर दापोलीकडचा, तोंडाने फटकळ.

“साहेब, रान उगडां टाकू नुका. हितलो वारो तुमचो कागुद वाचून येनार नाय.”

“शेतकी तू मला शिकवणार?”

“मी कशाला? वारोच शिकवील, इन्शाल्ला.”

पुढे ट्रॅक्टर बिघडल्याचे सांगून त्याने विहिरीकडचे तीन एकर वाळल्या वेलांसकट तसेच ठेवले. ट्रॅक्टर बिघडलेला नव्हता, हे मला ठाऊक होते.

१४ जूनला वायव्येचा वारा सुटला, तो पाच दिवस थांबला नाही. सहाव्या दिवशी नांगरलेल्या नऊ एकरांत खालचा पांढरा थर उघडा पडला होता. वरची माती हमरस्त्यावर, कुंपणापलीकडे, माझ्या टेबलाच्या खणातसुद्धा. वेलांच्या जाळीखालची माती मात्र जागची हलली नव्हती. मी गुडघे टेकून मोजली. वेलांखाली वीतभर, नांगरलेल्या रानात दोन बोटेही नाही.

मालकांना दिलेल्या अहवालात मी तो वारा ‘अपूर्व’ ठरवला आणि तीन एकरांचा उल्लेख टाळला. “साहेब, माझो तुकडो कागदावर घेतल्यात काय?” असे अबूबकरने विचारले. मी ऐकलेच नाही असे दाखवले.

हे सर्व डोळ्यांनी पाहिल्यानंतर तीन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, मी तुला न कळवता तुझ्या सासऱ्यांना इंग्रजीत चार पानी पत्र लिहिले. नांगरा, असे लिहिले. थंड मुलखात झाकलेली जमीन वसंतात उशिरा तापते आणि पेरणी लांबते, हे कारण दिले. कारण खोटे नाही. म्हणूनच ते अधिक वाईट. पेरणीच्या ओळींपुरता पालापाचोळा बाजूस सारण्याची तुझी योजना तुझ्या पत्रात होती. ती मी त्यांच्यापासून लपवली.

सात वर्षांपूर्वी तू मला न विचारता लग्न केलेस, त्याचा हिशेब मी या रीतीने चुकता केला, असे तू म्हणशील. तेही असेल. परंतु तुझे साठ एकर टिकले असते, तर माझ्या शब्दावर चाळीस वर्षे जे नांगर चालले त्यांचे काय, हा प्रश्न मला सोसवला नाही.

२३ तारखेस, शुक्रवारी, तुमच्याकडे फोन वाजला, तू “हॅलो, हॅलो” म्हणालीस, आणि पलीकडून कोणी बोलले नाही. तो मी होतो. तोंडाने हे माझ्याने सांगवणार नाही, हे तेव्हाच कळले.

आज सकाळी अबूबकरला सारे सांगितले. मला वाटले, हसेल. तो म्हणाला, “मग बसल्यात कशाला? यल्ला, चला! तार हापीस बारा वाजता बंद होतंय.” त्यानेच गाडी काढली. दोह्यास जाऊन श्री. ओल्सन यांना तार केली: ‘मत मागे घेतो. नांगरू नये. पत्र मागाहून.’ तारेने माघार कळते, कारण कळत नाही. आणि चार पानांपुढे तीन वाक्यांचे वजन ते कितपत मानतील, मी सांगू शकत नाही.

म्हणून सोबत त्यांच्या नावे इंग्रजी पत्र जोडले आहे. त्यात नऊ एकरही आहेत आणि तीन एकरही, अबूबकरच्या नावासकट. येथील मालकांनाही त्याची प्रत आजच दिली. लिफाफा मुद्दाम उघडा ठेवला आहे. आधी तू वाच. जेथे मी स्वतःला सावरून घेतले आहे असे दिसेल, तेथे तांबडी शाई वापर.

टपाल बारा दिवसांत पोहोचले, तर तुझ्या हाती चार दिवस उरतील. न पोहोचले, आणि तारेलाही त्यांनी मानले नाही, तर हे पत्र तू काळ्या, उघड्या रानाच्या बांधावर वाचशील. तेथून मला जे लिहावेसे वाटेल ते लिही. मी त्यातले अक्षरही दुरुस्त करणार नाही.

तुझ्या लग्नानंतर मायन्यात तुझ्या नावाआधी ‘सौ.’ मी एकदाही लिहिले नाही. आजही लेखणी सवयीने तशीच चालली, वर पाहशील. लिहिलेले खोडणे मला पसंत नाही, म्हणून येथे लिहितो.

सौ. सुहासिनी हिस
नानांचे आशीर्वाद,
घ्यावेसे वाटले तर.