उतारावर लागणारा दिवा

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी आली एकदाची! उंदरांनी वायरी कुरतडल्यापासून दारात ठाण मांडून बसली होती. इलेक्ट्रिशियनने सगळ्या नव्या घातल्या म्हणे. मी हौसेने हॉर्न दाबला - वायपर फिरले! आमचे हे पोट धरून हसले. मला नाही हसू आलं.

५ फेब्रुवारी

झटक्याने (इलेक्ट्रिशियनला मी हेच नाव ठेवलंय) हॉर्न आणि वायपर आपापल्या जागी आणले. आता समोर ब्रेकचा लाल दिवा मधूनच लागतो. ह्यांनी हँडब्रेक पाहिला. खाली होता. "झटक्याचा नवा पराक्रम!"

८ फेब्रुवारी, रविवार

लेकीकडे जाऊन आलो. तिचं घर टेकडीवर. जाताना चढावर दिवा गप्प. येताना उतार सुरू झाला आणि पेटला. सपाटीला आलो, विझला. मला काही ते बरं वाटलं नाही.

"लूज कनेक्शन," हे म्हणाले. "धक्क्याने हलतं." कसले धक्के? रस्ता गुळगुळीत! पण मी बोलायला लागले की हे रेडिओ मोठा करतात. त्यात त्या उतारावर फोनसुद्धा लागत नाही. सगळी वाट दाराची मूठ धरून बसले. बोटं अजून दुखतायत.

१० फेब्रुवारी

झटका घरी येऊन गेला. मीटर लावून वायरन् वायर तपासली. "काकू, वायरिंग ठणठणीत आहे. दिवा लागतोय म्हणजे त्याला कारण असणार. ब्रेकवाल्याला दाखवून घ्या."

तो गेल्यावर हे भडकले. "स्वतःचं झाकायला दुसऱ्याच्या गळ्यात मारतोय!" खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. हॉर्नला वायपर जोडणाऱ्याचं काय ऐकायचं?

११ फेब्रुवारी

जेवताना हे सहज म्हणाले, ब्रेक जरा खोल जातोय. माझा घास तोंडातच राहिला. "अगं, जुनी गाडी आहे! आपलेही गुडघे वाजतातच की."

१२ फेब्रुवारी

भावजींपुढे चक्क रडले. ह्यांचा धाकटा भाऊ, शेजारीच राहतो. रविवारी हे लेकीला आणि नातीला आणायला जाणार, त्याच उताराने. नात दोन वर्षांची. तो दिवा लागत असताना मी पोरींना गाडीत बसू देणार नाही म्हटलं. ह्यांना सांगून थकले. भीती वाटते, आणि कशाची ते नीट सांगताही येत नाही.

"वहिनी, एवढंच ना? सोडा माझ्यावर."

१४ फेब्रुवारी, शनिवार

दिवा गेला! ह्यांनी मला मुद्दाम पुलाच्या उतारावरून फिरवून आणलं. एकदाही लागला नाही. जीव भांड्यात पडला. सकाळी भावजी बॉनेट उघडून खुडबुड करत होते. काय केलंत विचारलं तर नुसते मिशीत हसले. काय का असेना, गुण आला!

१५ फेब्रुवारी, रविवार

हे सकाळीच निघाले. निघताना मी खिडकीतून वाकून पाहिलं. एकही दिवा नाही. मीच म्हटलं, जा खुशाल.

तोच दिवस, दुपार

भावजी चहाला आले. कप हातात घेऊन ऐटीत म्हणाले, "कसा घालवला दिवा? ब्रेक ऑइलच्या डबीवर एक वायर असते. उपटून टाकली! आता जन्मात लागणार नाही. तुमच्या डोक्याचा ताप गेला."

"त्या डबीत तेल होतं का?"

"ते कुठे बघितलं मी?"

तेल कमी झालं असेल तर उतारावर ते डबीत पुढे सरकणार, म्हणूनच तिथे दिवा लागायचा! बाहेर धावले. गाडी उभी असते तिथे, मागच्या चाकाच्या जागी ओलं होतं. बोट लावलं. तेलकट. भावजींचा चेहरा पांढराफटक. चहा तसाच टाकून ते स्कूटर घेऊन गेले.

ह्यांना फोन लावला. लागत नाही. लेकीला लावला. लागत नाही. तिच्या शेजारणीला लावला. "निघाले की मघाशीच! छोटीने टाटा केला."

पुन्हा लावले, दोघांनाही. लागत नाहीत.

उतारावर फोन लागत नाही. म्हणजे ते उतारावर आहेत.